आधी प्लॅन दाखवा

दादरच्या शिवाजी मंदिरला नाटकाचा प्लॅन लागला की सकाळी खिडकीवर जाणं हे आमच्या घरात आईचं काम. पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान असायचं, त्यात अमुक प्रयोगाचा प्लॅन अमुक दिवशी सुरू असं छापून यायचं. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. खिडकीपलीकडच्या माणसासमोर त्याचा एक मोठा छापील कागद पसरलेला असे. वर रंगमंचाची आडवी पट्टी, तिच्याखाली रांगा, रांगांना अक्षरं, खुर्च्यांना नंबर. विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली. आई मान तिरकी करून तो कागद उलट्या बाजूने वाचायची आणि सांगायची, "मधल्या असतील तर त्या द्या, कडेच्या नकोत. नाहीतर बाल्कनीतली पहिली रांग बघा." पुढच्या काही खुर्च्यांवर फुली नसली तरी त्या मिळायच्या नाहीत. निर्मात्याने किंवा एखाद्या संस्थेने त्या धरून ठेवलेल्या असत, आणि विचारलं की खिडकीतला माणूस तसं सांगायचा. दर पाटीवर लिहिलेले असत. जो दर लिहिलेला, तेवढेच पैसे द्यायचे.

त्या कागदाबद्दल मला लिहायचंय. नाट्यगृहात एकूण जागा किती, त्यातल्या विकायला किती, गेल्या किती, उरल्या कुठल्या, हे सगळं तिकीट घेणाऱ्याला पैसे काढण्याआधी त्यावर दिसायचं. तो काळ धुतल्या तांदळासारखा होता असं माझं म्हणणं नाही. सिनेमाच्या थिएटरबाहेर ब्लॅकवाले फिरायचेच, 'दस का बीस' असं पुटपुटत. पण ब्लॅकवाला डोळ्यांसमोर असायचा. त्याच्याकडे गठ्ठा आला कुठून हे मॅनेजरला चारचौघांत विचारता यायचं, आणि लोक विचारायचेही. आज एखाद्या मोठ्या मैफलीचं, कॉन्सर्टचं तिकीट ऑनलाइन काढताना यातलं काहीच दिसत नाही. पैसे मात्र शंभरपट जातात.

२२ सप्टेंबर २०२४ हा रविवार अनेकांच्या लक्षात असेल. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या कार्यक्रमांची तिकिटं त्या दिवशी दुपारी बारा वाजता बुकमायशोवर सुटणार होती. १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोन दिवस आधी ठरले होते, त्यात त्याच दुपारी २१ तारखेची भर पडली. दर अडीच हजारांपासून लाउंजच्या ३५,००० रुपयांपर्यंत. एकाला जास्तीत जास्त चार तिकिटं. माझी भाची मुलुंडला असते, ती आणि तिच्या ऑफिसातल्या मुली बाराच्या आधीपासून लॅपटॉप, दोन-दोन फोन घेऊन बसल्या होत्या. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. बाराच्या आधी साइट कोसळली. मग उघडली, आणि पडद्यावर एक आकडा आला: तुमच्यापुढे इतके लोक आहेत. आकडा लाखांत होता. "मावशी, हा आकडा बघ, एवढे लोक स्टेडियममध्ये मावतील तरी का?" तिने विचारलं. मावणार नव्हतेच. त्या दिवशी सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी प्रयत्न केल्याचं पुढे कंपनीनेच सांगितलं.

एवढ्या लोकांना तीन रात्रींत कोणी बसवू शकत नाही. बहुतेकांना तिकीट मिळणार नाही हे उघड होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. भाचीचीही नव्हती. तिची तक्रार वेगळी होती. आपली जागा रांगेत कशी ठरली, हे तिला कळलं नाही. ती आधीपासून बसली होती, तिची एक मैत्रीण बाराला पाच कमी असताना आली, आणि मैत्रिणीचा नंबर तिच्या कितीतरी पुढे लागला. आता, अशा आभासी रांगांच्या काही यंत्रणांमध्ये विक्री सुरू होण्याआधी आलेल्या सगळ्यांना एका प्रतीक्षालयात बसवतात आणि वेळ झाली की चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर वाटतात. त्यामागे कारणही चांगलं असतं. आधी येणाऱ्याला आधी नंबर दिला तर माणसांआधी बॉट पोचतात, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारे प्रोग्राम. शिवाय ज्याच्या घरी इंटरनेट जलद त्याचंच फावतं. चिठ्ठीची पद्धत मला तरी जास्त न्याय्य वाटते. फक्त ती चिठ्ठी आहे हे आधी ठळक सांगा. "बारा वाजेपर्यंत कधीही या, नंबर नशिबाने लागेल," एवढं वाक्य पानावर असतं तर कित्येक मुलींनी रविवारची सकाळ स्क्रीनसमोर घालवली नसती.

भाचीचा नंबर जवळ आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. आणि त्याच संध्याकाळी परदेशी पुनर्विक्रीच्या साइट्सवर तीच तिकिटं मूळ दराच्या कितीतरी पटीत, काही तर लाखांत, दिसत होती. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार गेली, शाखेने कंपनीच्या प्रमुखांना समन्स काढलं, कंपनीनेही अनधिकृत विक्रेत्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. ऑक्टोबरमध्ये ईडीने या आणि दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरून मुंबईसह पाच शहरांत छापे घातले. बातम्या खूप झाल्या. पण या सगळ्या गदारोळात जो प्रश्न मला सगळ्यात आधीचा वाटतो, तो फारसा कुणी विचारला नाही: त्या दुपारी सर्वसामान्यांसाठी प्रत्येक दराची नेमकी किती तिकिटं विक्रीला होती?

हा प्रश्न विचारायला मला २०११ सालाने शिकवलं. त्या वर्षी क्रिकेटच्या विश्वचषकाची अंतिम लढत वानखेडेवर होती. नूतनीकरणानंतर स्टेडियमची क्षमता सुमारे ३३,००० झाली होती, आणि त्यातली सर्वसामान्यांना विकायची तिकिटं होती ४,०००. बाकीची मुंबई क्रिकेट असोसिएशनचे संलग्न क्लब, आयसीसी, बीसीसीआय यांच्या वाट्याची. हे वाटप योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. क्लबांनी या शहरातलं क्रिकेट जगवलंय, त्यांचा हक्क मी नाकारणार नाही. पण तो आकडा बाहेर आला म्हणून लोकांना निदान चित्र स्पष्ट झालं. चार हजारांत आपला नंबर लागण्याची शक्यता किती, हे ज्याचं त्याला समजलं. ज्याला हौस होती तो तरीही रांगेत राहिला, पण डोळे उघडे ठेवून.

कॉन्सर्टच्या बाबतीत हा आकडा बाहेर येत नाही. प्रायोजकांना किती जागा गेल्या, विशिष्ट बँकेचं क्रेडिट कार्ड असलेल्यांना एक-दोन दिवस आधी किती विकल्या, कलाकारांच्या आणि आयोजकांच्या सन्मानिका किती, आणि मग आपल्यासाठी काय उरलं, हे सांगण्याची सक्ती आपल्याकडे कोणावर नाही. नाट्यगृहाच्या खिडकीतला माणूस जे तोंडी सांगत होता, ते इतक्या मोठ्या उद्योगाला सांगता येत नाही हे मला पटत नाही. त्यांच्या सर्व्हरवर प्लॅन असतोच. तो नसता तर एकाच खुर्चीची दोन तिकिटं निघाली असती. प्लॅन आहे, फक्त त्याची आपल्याकडची बाजू बंद करून ठेवली आहे. विक्री सुरू होण्याआधी प्रत्येक दरातल्या सार्वजनिक विक्रीच्या जागांचा आकडा जाहीर केलाच पाहिजे, एवढा एक नियम झाला तर बाकीच्या अर्ध्या कटकटी निकालात निघतील असं मला वाटतं.

आता दराकडे येते. समजा, तिकीट दोन हजारांचं. पोस्टरवर दोन हजार, ॲपच्या पहिल्या पानावर 'दोन हजारांपासून पुढे'. तुम्ही जागा निवडता, चार. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावायला लागतं. शेवटच्या पानावर एक छोटा बाण असतो, तो दाबला की हिशोब उलगडतो: तिकिटांचे आठ हजार, त्याखाली कन्व्हिनियन्स फी, तिच्याखाली त्या फीवरचा १८ टक्के जीएसटी. फी दहा टक्के धरली तर एका तिकिटामागे २०० आणि त्यावर ३६. चार तिकिटांचे झाले ९४४ रुपये. काही वेळा पोस्टरवरचा दरही कर सोडून असतो, मग पाचशेच्या वरच्या तिकिटावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. कुठे देणगीचा एखादा रुपया आधीच जोडलेला. तो काढता येतो, पण काढायचा कुठून हे शोधायला लागतं आणि घड्याळ थांबत नाही.

घड्याळावर माझा राग नाही, हे स्पष्ट करते. चार खुर्च्या तुम्ही अडवून धरल्या आहेत, मागे दुसरं कुणी खोळंबलंय, तेव्हा वेळेची मर्यादा हवीच. राग आहे तो खरी किंमत घड्याळ सुरू झाल्यावर दाखवण्यावर. माणूस तासभर वाट बघून आत आला आहे, घरच्यांना व्हॉट्सॲपवर 'मिळतंय' असं कळवून बसला आहे, त्या क्षणी नऊशे रुपये जास्तीचे दाखवले तर तो मागे फिरत नाही. हे पान रचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि याला कायद्यात उत्तर आहे, हे फार कमी लोकांना माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि लगेच तीन दिवसांनी ई-कॉमर्स नियम आले. विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यायची आणि तिची फोड, सगळे सक्तीचे आणि ऐच्छिक आकार दाखवून, द्यायची, असं त्यांत लिहिलंय. ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकटीतून घ्यायची नाही, असंही लिहिलंय. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. किंमत आधी पूर्ण न सांगता थेंबाथेंबाने उघड करणं हा एक. न मागितलेली वस्तू किंवा देणगी बिलात हळूच घालणं हा दुसरा. 'फक्त दोनच उरल्या' अशी खोटी घाई लावणं हा तिसरा. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना आपापल्या साइट्सची तीन महिन्यांत स्वतःच तपासणी करायला सांगितली. स्वतःच स्वतःची तपासणी कितपत कडक होणार याबद्दल मला शंका आहे. पण निदान या प्रकारांना नाव मिळालं, आणि नाव मिळालं की तक्रारीत लिहायला एक ओळ मिळते.

फीचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो मुंबईत चांगला दशकभर रेंगाळला. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये शासन निर्णय काढून ऑनलाइन सिनेमा तिकिटांवर कन्व्हिनियन्स फी घ्यायला मनाई केली होती. मल्टिप्लेक्सवाले उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते शासन निर्णय रद्दच केले. कायद्याचं पाठबळ नसताना सरकार अशी मनाई करू शकत नाही, व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावर ती गदा आहे, असा निकालाचा गाभा. सिनेमापुरतं मी हे समजू शकते. थिएटरची खिडकी उघडी असते, ज्याला फी द्यायची नाही त्याने चालत जाऊन तिकीट काढावं. घरबसल्या काढायचं तर त्या सोयीचे पैसे द्यावेत. पण महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या, बीकेसीतल्या मैदानावरच्या किंवा नेरूळच्या मोठ्या कॉन्सर्टला बहुधा खिडकी नसतेच. तिकीट फक्त ॲपवर. मग जी फी टाळण्याचा एकही मार्ग ग्राहकापुढे नाही, ती तिकिटाच्या किमतीचाच भाग आहे, आणि ती पहिल्या पानावरच्या, पोस्टरवरच्या आकड्यात आली पाहिजे. फी घेऊ नका असं मी म्हणत नाही. सर्व्हर, पेमेंट गेटवे, दारावरचे स्कॅनर, माणसं, याला पैसा लागतो. २,२३६ रुपये होणार असतील तर पोस्टरवर २,२३६ लिहा. अमेरिकेत मे २०२५ पासून तिकिटांसाठी नेमका हाच नियम लागू झाला आहे: सक्तीच्या सगळ्या फी धरून एकूण किंमत आधी दाखवायची.

पुनर्विक्रीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. अनेकजण म्हणतात की तिकिटावर नाव छापा, दारावर आधार तपासा, आणि विकायला पूर्ण बंदी घाला. मला ही बंदी ग्राहकाच्याच मुळावर येईल असं वाटतं. चार महिने आधी तिकीट काढायचं, मग घरात आजारपण येतं, परीक्षेची तारीख बदलते, ऑफिस सुट्टी देत नाही. त्या माणसाला तिकीट दुसऱ्याला देता आलं पाहिजे. फक्त मूळ किमतीला, आणि जिथून काढलं तिथेच परत करून, म्हणजे रांगेतल्या पुढच्याला ते मिळेल. आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ दरापेक्षा जास्तीने विकायला बंदी केली. जपानमध्ये २०१९ पासून असा कायदा आहे. बंदी विक्रीवर नको, नफ्यावर हवी. नफा गेला की बॉट चालवणाऱ्याला कष्ट घ्यायचं कारण उरत नाही.

आपल्याकडे एका वकिलांनी याच विषयावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. जानेवारी २०२५ मध्ये, नेरूळचे कार्यक्रम तोंडावर आले असताना, न्यायालयाने ती फेटाळली. हा धोरणाचा विषय आहे, कायदा करणं विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, न्यायालय तसा आदेश देऊ शकत नाही, असं सांगून. म्हणजे चेंडू आता आमदार-खासदारांच्या अंगणात आहे. विधानसभेच्या अधिवेशनात सिनेमाच्या पॉपकॉर्नवर चर्चा झालेली आहे. तिकिटांवर व्हायला काय हरकत आहे?

कलाकारांकडूनही काही करता येतं, हे याच कोल्डप्लेच्या निमित्ताने दिसलं. ते जगभर 'इन्फिनिटी तिकीट' नावाने थोडी स्वस्त तिकिटं ठेवतात. भारतात ती २,००० रुपयांना होती, जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठली हे नंतर कळणार. पुढची जागाही लागू शकते, मागचीही. भाचीच्या मैत्रिणीला त्यातलं एक जोड मिळालं. ती आणि तिचा भाऊ गेले. जागा लांबची लागली, पण तिने सगळ्यांना कार्यक्रमात मिळालेला, हातातला तो लुकलुकणारा पट्टा दाखवला आणि त्याबद्दल ती अजून बोलते. नियम आधी सांगितलेला होता, म्हणून लांबच्या जागेबद्दल तिच्या मनात काही राहिलं नाही.

मुंबईत ग्राहकाने कॉन्सर्टवाल्यांना हिशोब विचारण्याची गोष्ट नवी नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. तेव्हाच्या युती सरकारने त्याचा करमणूक कर माफ केला. सगळं शहर त्या कार्यक्रमाने भारावलेलं असताना मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना उच्च न्यायालयात गेली: इतक्या महागड्या तिकिटांच्या कार्यक्रमाला करमाफी कशाच्या आधारावर? कराचे पैसे, ३ कोटी ३६ लाख, न्यायालयात जमा करावे लागले. २०११ मध्ये न्यायालयाने करमाफीचा निर्णय पुन्हा विचारासाठी सरकारकडे पाठवला. आणि शेवटी जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने माफी कायम करून ते पैसे आयोजकांना परत द्यायचं ठरवलं. चोवीस वर्षं! जिंकले-हरले यापेक्षा मला त्यातला चिवटपणा मोठा वाटतो.

आमच्या पार्ल्याच्या घरात ग्राहक पंचायत महिन्याच्या सामानामुळे आली. १९७५ पासून पंचायतीने वितरण सुरू केलं होतं. इमारतीतल्या काही घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरून द्यायची, माल एका घरी उतरायचा आणि बायका तो वाटून घ्यायच्या. आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून डाळी, साखर, पोहे, साबण यांचे ढीग लागायचे. आई पिशवीवरचं वजन वाचून मग काट्यावर ठेवायची, कमी भरलं तर यादीच्या समासात लिहायची. भांडायची नाही. लिहायची. ग्राहक चळवळीच्या उभारणीत बिंदुमाधव जोशींसोबत सुधीर फडकेही होते, याचा तिला फार अभिमान होता. गाणं करणारा माणूस मापात-भावात लक्ष घालतो, ही गोष्ट तिला त्यांच्या गाण्याइतकीच आवडायची. आज मोठ्या कलाकारांपैकी कुणी आपल्या तिकिटाच्या शेवटच्या पानावर काय-काय जोडलं जातं हे बघत असेल का, असं मला नेहमी वाटतं. बघावं. त्यांच्याच नावाने ते पैसे घेतले जातात.

समासात लिहायची आईची सवय मला गेल्या वर्षी कामी आली. उपनगरातल्या एका मैदानावर होणारी मैफल दोन-तीन दिवस आधी रद्द झाली. कारण, 'अपरिहार्य'. तिकिटाचे पैसे परत आले. कन्व्हिनियन्स फी आणि तिच्यावरचा जीएसटी आला नाही. अटींमध्ये 'फी परत मिळणार नाही' असं होतं, हे खरं. पण मी काही तिकीट रद्द केलं नव्हतं. कार्यक्रमच झाला नाही.

काय केलं ते सांगते, कारण हे कुणालाही करता येतं. तिकीट काढताना प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट मी घेतला होता: पहिल्या पानावरचा दर, शेवटच्या पानावरची फोड, पैसे गेल्याचा संदेश, मग रद्द झाल्याचा ईमेल. साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं. ते देणं नियमाने बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. पोच आली. मग उत्तर आलं की फी आमची, कार्यक्रम आयोजकांचा, तेव्हा तुम्ही आयोजकांशी बोला. आयोजकांनी लिहिलं की फी त्यांच्याकडे आलीच नाही. दोघांचं म्हणणं एकमेकांशेजारी ठेवलं की पैसे कोणाकडे आहेत हे आपोआप कळतं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं. तिथल्या मुलीने शांतपणे सगळं मराठीत ऐकून घेतलं, क्रमांक दिला, कंपनीला पाठवलं. कंपनीने पुन्हा तेच उत्तर दिलं.

म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. माझ्यासाठी ते वांद्र्याला, पूर्वेच्या सरकारी इमारतीत. कंपनीचं मुख्य कार्यालय देशात कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यातली ही तरतूद फार मोलाची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते. फक्त प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. घरच्यांनी विचारलं, "एवढ्याशा रकमेसाठी?" रक्कम लहानच आहे. पण त्या मैफलीला हजारो लोक येणार होते, आणि प्रत्येकाची रक्कम लहानच होती.

तक्रारीत मी तीन गोष्टी मागितल्या. फी आणि जीएसटी परत. रद्द झालेल्या कार्यक्रमांची फी परत न करण्याची पद्धत ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं आयोगाने म्हणावं. आणि त्या मैफलीची एकूण किती तिकिटं विकली गेली, किती फी जमा झाली, त्यातली किती परत केली, हे कंपनीने शपथपत्रावर सांगावं. तिसरी मागणी टाइप करताना मला तो खिडकीपलीकडचा कागद दिसत होता. ती मान्य होईल की नाही सांगता येत नाही, पण विचारल्याशिवाय कोणी प्लॅन फिरवून दाखवत नाही.

आयोगाने तक्रार दाखल करून घेतली, नोटीस गेली. आता समोरच्या पक्षाला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आहेत, आयोगाने वाढवले तर आणखी १५. त्यापुढे मुदत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्यांचं म्हणणं आलं की फीबद्दल त्यांनी काय लिहिलंय ते सांगेन.